भिंतीपलीकडचे अण्णा
(शताब्दी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या समारंभात संस्थापकांचे आणि देणगीदारांचे स्मरण व्हावे हे उचितच आहे. मी मात्र आज अशा एका वाचकाविषयी बोलणार आहे, ज्यांनी या वास्तूत कधी पाऊल ठेवले नाही आणि ज्यांचे नाव आपल्या नोंदवहीत सापडणार नाही. ते मुधोळचे आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. हा शब्द मराठीत चालतो तसा तेलुगूतही चालतो. त्यामुळे अण्णांची मातृभाषा तेलुगू आहे, हे मला बराच मोठा होईपर्यंत उमगलेच नव्हते.

मुधोळ २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे; आम्हां जुन्यांच्या तोंडी अजून आदिलाबादच येते. अण्णांच्या बालपणी ते निजामाच्या राज्यातील नांदेड जिल्ह्याचे तालुक्याचे गाव होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा याच तालुक्यातील धर्माबाद मुंबई राज्यात गेले आणि मुधोळ, भैंसा व कुभीर ही सर्कले आंध्र प्रदेशात आली. माणसे होती तिथेच राहिली. कचेरी तेवढी बदलली. निजामी अमदानीत कागद उर्दूत येत. १९६६ च्या कायद्याने तेलुगू आंध्रची राजभाषा झाली. मराठी कुणब्याला पहिलीही कळत नव्हती आणि दुसरीही.

अण्णांना दोन्ही येत होत्या. दिवसभर किराणा दुकान चालवून रात्री ते ओट्यावर कंदील घेऊन बसत. कोणी पहाणीचा उतारा आणी, कोणी सोसायटीच्या कर्जाची नोटीस, कोणी कोर्टाचे समन्स. अण्णा कागद आधी मनात वाचत, मग मराठीत सांगत. मजकूर वाईट असला की सांगण्यापूर्वी समोरच्याला पाणी विचारीत. पुढेपुढे पाण्याचा तांब्या आला की माणसे आपोआप घाबरत, हा त्यातला विनोद.

एकदा आमच्याच घरी थकबाकीची नोटीस आली. अण्णांनी वडिलांना पाणी विचारले नाही. “मुदत आहे अजून,” एवढेच म्हणाले. मुदत नव्हतीच. हप्ता अण्णांनी परस्पर भरल्याचे आठवड्याने कळले. भैंशाला कापूस विकल्यावर वडिलांनी पैसे नेऊन दिले, तेव्हा अण्णांनी ते दोनदा मोजून घेतले. मला तेव्हा राग आला होता. न मोजता घेतले असते तर वडिलांना तो उपकार वाटला असता आणि आमचे जाणेयेणे अवघडले असते, हे मला स्वतः संसारात पडल्यावर समजले.

मी नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि या वाचनालयाचा सभासद झालो. सुटीत गावी जाताना दोन पुस्तके पिशवीत असत. बासरला गाडीतून उतरून मुधोळ गाठावे, तो अण्णा ओट्यावरूनच विचारीत, “काय आणलेस?” माझ्या प्रकृतीची चौकशी नंतर. सेतुमाधवराव पगडींचे काही आणले की ते विशेष खूश होत. पगडींनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केले होते आणि त्यांना तेलुगू, उर्दू दोन्ही अवगत होत्या. अण्णांना ते आपल्याच गल्लीतले वाटत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ मात्र त्यांनी माझ्या नावावर किती वेळा नेली, याचा हिशेब मी ठेवला नाही.

नव्वदीकडे झुकताना त्यांची दृष्टी गेली. ज्याने साऱ्या गावाला कागद वाचून दाखवले, त्याला मराठी वाचून दाखवणारे घरात कोणी नव्हते. मुले, नातवंडे तेलुगूत शिकलेली. यात त्यांचा काय दोष? सून मोठी मायाळू. आपट्यांच्या त्या कादंबरीचा तेलुगू अनुवाद पी. व्ही. नरसिंह रावांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने केला आहे. तो तिने कुठून तरी मिळवला आणि रोज दुपारी थोडाथोडा वाचून दाखवला. मी भेटायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, “सून छान वाचते. पण यमू तेलुगूत रडते आहे. तू चार दिवस येऊन राहा.”

वास्तविक तेलुगू त्यांच्या आईची भाषा. तरीही त्यांनी असे म्हणावे, याचे मला आजही नवल वाटते.

मी होकार दिला. आपली प्रत घेऊन गेलोही; परंतु एकाच दुपारी दोन प्रकरणे वाचली आणि संध्याकाळची गाडी धरली. “पुस्तक राहू दे इथेच, म्हणजे तुला यावे लागेल,” असे ते म्हणाले. दिवाळीला जाईन, संक्रांतीला जाईन, असे करीत वर्ष गेले. काम काही नव्हते. मी सेवानिवृत्त होतो.

तेराव्याला गेलो तेव्हा सुनेने पुस्तक हाती दिले. तिने त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. तेलुगू वर्तमानपत्राचे. मी थांबलो होतो त्या पानात उदबत्तीची काडी खुणेला तशीच होती.

पुस्तक येथे परत केले तेव्हा वर्षाहून अधिक उशीर झाला होता. ग्रंथपालांनी कारण विचारले आणि दंड माफ केला. तो त्यांनी घ्यायला हवा होता. आज मी ती रक्कम आणली आहे. ती अध्यक्षांनी स्वीकारावी आणि पावती माझ्या नव्हे, अण्णांच्या नावे करावी, म्हणजे ते नाव एकदा तरी आपल्या दप्तरात येईल.