लांबच्या ओळखीची नोकरी



नोकरी हवी असली की आपण आधी कुणाला सांगतो?
मामाला, काकांना, जिवलग मित्राला.
सांगावंच.
पण त्यांना जे ठाऊक असतं,
ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं!

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी
१९७३ साली हेच मांडलं.
बॉस्टनच्या एका उपनगरात त्यांनी
नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं…
ही जागा तुम्हाला कळली कुणाकडून?
ओळखीतून नोकरी मिळालेले बरेच जण म्हणाले,
अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून.
एखादा जुना सहकारी, कॉलेजातलं कुणीतरी.

म्हणजे, लांबची ओळख नवी बातमी आणते.

लिंक्डइनवर अशाच ओळखी भेटतात.
मात्र नुसतं "जॉब असेल तर सांगा" लिहू नका.
त्याला समोरचा काय उत्तर देणार?
त्यापेक्षा असं लिहा…
"नमस्कार, पॉलिटेक्निकला मी तुमच्या मागच्या बॅचला होते.
तुमच्याकडे क्वालिटी विभागात काम कसं चालतं?
दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

याची सवय लावून घ्या.
रविवारी चहा झाला, की एकच मेसेज.
तोही लांबच्या ओळखीला.
मग फोन बाजूला.
नाहीतर रील्स बघता बघता जेवायची वेळ होते,
आणि मेसेज राहतो तो राहतोच.

आणि हो… नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले,
तर एक रुपयाही देऊ नका.
ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.
पुन्हा सांगते… एक, नऊ, तीन, शून्य.