पुस्तकाची किंमत ठरवताना

पुस्तक हाती घेतलं की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो आणि मग हळूच मागची किंमत. ती ठरवताना लेखकाची झोप कशी उडते, ते आज सांगणार आहे. कारण माझ्या पुस्तकाचा लेखक मी, प्रकाशक मी आणि गठ्ठे उचलणारा हमालही मीच!

आमच्या तालुक्याच्या बोलीतल्या शब्दांचा संग्रह मी २०१९ मध्ये स्वखर्चाने काढला. पानं १६०, म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्मे. प्रती ५००. एकूण खर्च ४० हजार. प्रत पडली ८० रुपयांना. किंमत ठेवली १६०. ऐकणाऱ्याला वाटतं, निम्मा नफा! पण विक्रेत्याचं कमिशन ४० टक्के. माझ्या हाती आले ९६, उरले १६. त्यातच भेटप्रती, रिक्षाभाडं आणि न खपलेले गठ्ठे.

२०२५ च्या अखेरीस दुसरी आवृत्ती काढली. अक्षरजुळणी तयार होती, तरी खर्च ५६ हजारांवर गेला. कागद, शाई, प्लेटा, बांधणी सगळंच महागलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. छापील पुस्तकावर हा कर नाही, हे खरं. पण म्हणूनच कागदावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो किमतीतच मुरतो.

प्रत आता ११२ रुपयांना पडली. वाढ ३२ रुपयांची, तेव्हा किंमतही ३२ रुपयांनी वाढवू, असं मला वाटलं. हिशेब मांडला तेव्हा कळलं, पूर्वीसारखे १६ रुपये उरायचे तर किंमत २१३ हवी. कारण वाढीव किमतीवरही कमिशन जातंच. विक्रेता म्हणाला, "सर, दोनशेच्या वर आकडा दिसला की गिऱ्हाईक पुस्तक खाली ठेवतं." त्याचंही खोटं नव्हतं, त्यालाही दुकानाचं भाडं भरायचं असतं.

टाइप बारीक करून दोन फॉर्मे वाचवावेत, असा मोह झाला. पण माझे निम्मे वाचक साठी ओलांडलेले. मन धजेना.

अखेर दुकानासाठी किंमत २०० ठेवली. प्रतीमागे आठच रुपये उरतात. मात्र छपाईआधी नाव नोंदवून पैसे देणाऱ्यांना १५० रुपयांत प्रत देऊ केली. १३० जणांनी नावं दिली. कमिशन नसल्याने इथे ३८ रुपये उरले, वाचकाला पुस्तक २०१९ पेक्षाही स्वस्त पडलं आणि छापखान्यात द्यायला साडेएकोणीस हजार आधीच हाती आले.

त्यात एका आजींनी दोन प्रती नोंदवल्या. दुसरी पुण्याच्या नातीसाठी. म्हणाल्या, "माझं बोलणं तिला निम्मं कळत नाही."

म्हणून एकच विनंती. ओळखीच्या कुणी स्वखर्चाने पुस्तक काढलं, तर भेटप्रत मागू नका. नाव नोंदवा.