खडकामागचं पाणी

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नांटाहाला नावाची नदी आहे. वीजघरातून पाणी सुटलं की तिला जोर चढतो. त्यामुळे कनू होडी वल्हवण्याचे वर्ग असोत की मेळावे, वेळ ठरते ती पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर. इथलं प्रशिक्षण केंद्र १९७२पासून चालू आहे. उसळत्या पाण्यात आधी शिकायचं ते थांबायला. मोठ्या खडकामागे पाणी उलटं फिरतं. तिथे थांबण्यासाठी होडी वळवताना अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं. नवशिके घाबरून नेमके उलटे झुकतात, आणि होडी पालथी होते! म्हणून मेळावा भरवणाऱ्यांनी उसळत्या पाण्याच्या खालच्या अंगाला, बचावाची दोरी घेतलेला जाणता माणूस आधी उभा करावा. तोवर एकही होडी पाण्यात सोडू नये.