शाबासकी नको, दाद द्या

‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ ही शाबासकी मला आजही मिळते. तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ‘ही भाषा तुमची कशी?’ हा प्रश्न त्यात दडलेला असतोच.

न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन कवींच्या घरी स्पॅनिश, रस्त्यावर इंग्रजी. अमेरिकेत ते परके, मायदेशाच्या बेटावरही परके. १९७३च्या सुमारास मिगेल अल्गारिन यांच्या घरी ते जमू लागले, दोन्ही भाषा मिसळून कविता म्हणू लागले. त्यातूनच ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ उभा राहिला. ‘न्यूयोरिकन’ हे हिणवण्याचं नाव. त्यांनी तेच पाटीवर लिहिलं.

आपल्याकडे शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. त्यांना ही भाषा कोणी उसनी दिली नव्हती.

आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटांमध्ये वऱ्हाडी, झाडीबोली, पोवारी, उर्दू शेजारी-शेजारी नांदतात. कोजागिरीला दूध आटेपर्यंत घराघरातून एकेक कविता येऊ द्या, घरच्याच बोलीत. ऐकून झाल्यावर मात्र भाषेला शाबासकी देऊ नका. कवितेला दाद द्या.