दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी कोणाची?



विद्यापीठाने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत संस्कृती आणि समाज या विषयांवर सर्वांना खुली व्याख्याने ठेवावीत, ही कल्पना नवी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने १९४२ साली, महायुद्ध पेटलेले असतानाच, अशी व्याख्याने सुरू केली. महाराष्ट्रात व्याख्यानांची परंपरा त्याहूनही जुनी. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली. पुढे पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने पहिले कुलगुरू बॅ. जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगाव नेली. हे काम मोलाचे होते. मात्र संध्याकाळी हातपाय धुऊन सभागृहात येऊन बसण्याची सवड ज्याला आहे, तोच श्रोता बहुधा या परंपरेने गृहीत धरला.

दुपारची सुट्टी ही वेगळीच वस्तू आहे. ती कोणी दान दिलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कारखाना आयोगापुढे ठेवले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणी होती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाने भाकरी केव्हा खावी, हाच तो प्रश्न होता! १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्यांच्यासाठी कोणत्याही विद्यापीठाने व्यासपीठ उभारले नव्हते. त्याच वर्षी रविवारची सुट्टी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास पदरात पडला.

त्या फुरसतीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, शाहिरांचे फड या साऱ्यांतून गिरणगाव स्वतःच स्वतःला शिकवीत होते. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे याच वस्तीने दिले; पदवीची अट तिने घातली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे जग मोडत गेले. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना जी घरे लागली, ती येथे कोनमध्ये, पनवेलच्याही पलीकडे. सोडत लागल्यावरही ताबा मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. मधल्या काळात, २०२० मध्ये, त्याच इमारती करोनाच्या विलगीकरणासाठी वापरण्यात आल्या. घराची चावी सरकार देते, परंतु परळ-लालबागमधील वाचनालय आणि तालीम चावीबरोबर येत नाहीत.

मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात रायगड जिल्हाही येतो. तेव्हा सर्वांसाठी खुले असलेले व्याख्यान कलिन्याच्या सभागृहात दुपारी एकला ठेवणे, ही खुलेपणाची थट्टाच नव्हे काय? त्याने येथे यावे. रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांच्या दारात आणि येथील वसाहतीत यावे. वीस मिनिटांत बोलणे संपवावे, कारण उरलेल्या दहा मिनिटांत डबा खायचा असतो. आणि येताना केवळ सांगण्याच्या तयारीने येऊ नये. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून जमा केलेला इतिहास ग्रंथरूपाने आला. त्यातील पिढीचे काही लोक हयात असताना प्राध्यापकांनी समोर बसून ऐकावे, असा वर्ग येथे सहज भरू शकतो.

यात एक अडचण आहे आणि ती विद्यापीठाची नाही. कंत्राटी कामगाराची सुट्टी अनेकदा कागदावरच असते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला जागा सोडता येत नाही. गोदामात माल उतरविणारा गाडी रिकामी होईपर्यंत जेवत नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईची सुट्टी तर मालकिणीच्या मर्जीवर. यांना सोडून केलेली व्याख्यानमाला पुन्हा ठरावीक श्रोत्यांचीच होईल. म्हणून विद्यापीठाकडे अर्ज करण्याआधी कार्यकर्त्यांनी एकेका फाटकावर जाऊन दुपारची सुट्टी खरोखर किती मिनिटांची मिळते, याची नोंद करावी आणि पहारेकऱ्याच्या जागी तेवढ्या वेळापुरता बदली माणूस द्यावा, ही मागणी कंत्राटदारापुढे लेखी ठेवावी.