आकाशातील आवाज आणि ग्रामसभेची नोंदवही
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



काही महिन्यांपूर्वी धावपट्टीच्या परिसरातील एका शाळेत मी पाढ्यांचा तास ऐकत बसलो होतो. वर्ग 'सत्तावीस त्रिक' पर्यंत आला आणि डोक्यावरून शिकाऊ वैमानिकाचे विमान गेले. गुरुजी थांबले, मुले थांबली. विमान वळसा घेऊन पुन्हा आले. अर्ध्या तासात असे पाच वेळा घडले. "तक्रार केलीत का?" मी विचारले. "कोणाकडे करायची, साहेब?" गुरुजी म्हणाले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही.

बारामतीची धावपट्टी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारली. तेथे वैमानिक घडतात, ही या भागास भूषणावह गोष्ट आहे. परंतु चाके टेकवायची आणि लगेच झेप घ्यायची, असा या शिक्षणाचा परिपाठच असतो. प्रवासी विमान एकदा जाते; हे घिरट्या घालते. त्यात धोकाही आहे. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात आणि 22 ऑक्टोबर 2023 रोजी बारामती तालुक्यातील गोजुबावीजवळ अशी विमाने कोसळली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे 2000 साली हद्दपार झाले. अनेक लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये मात्र ते अद्याप असते.

लोकांना मत मांडण्यासाठी कायद्याने जागा ठेवली आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार विमानतळ उभारण्यास वा वाढविण्यास पर्यावरणविषयक मंजुरी लागते, आणि तीपूर्वी जनसुनावणी घेतली जाते. किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून सूचना निघते. अहवालाचा सारांश मराठीत पाहावयास मिळतो. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते. ज्यास जाणे शक्य नाही त्याने लेखी हरकत पाठवावी. एक गोष्ट आवर्जून सांगतो : या सभेस गणसंख्येचे बंधन नाही. गावातून कोणी फिरकले नाही, तरी सुनावणी झाली असेच धरले जाते!

परंतु धावपट्टी जुनी आहे, विस्ताराचा प्रस्तावही नाही, तेव्हा काय? तेव्हा सुनावणी नसते, आणि खरी अडचण येथेच आहे. आकाशातील विमानावर ग्रामपंचायतीचा अधिकार चालत नाही. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आहे. त्याच्याकडे ग्रामसभेचा ठराव पाठविता येतो. मात्र "फार त्रास होतो" एवढ्या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही, हे मी शासकीय सेवेतील अनुभवाने सांगतो.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती सरासरीची असते. क्षणभराची गर्जना सरासरीत विरून जाते, वर्गाचा तास मात्र मोडलेलाच राहतो. म्हणून आकडा फेऱ्यांचा ठेवावा : तारीख, वेळ, किती वेळा, किती खालून, कोणता तास थांबला. शाळेत हे काम सातवीची मुलेही हौसेने करतील. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा चरतात. त्यांची धावपळ गुराख्यांच्या दृष्टीस पडली, तर तीही लिहावी.

महिनाभराच्या अशा नोंदीवरून मागणीही नेमकी करता येते. उड्डाणे बंद करा, असे कोणी म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत फेऱ्या शाळेवरून न नेता माळावरून न्याव्यात, इतकेच म्हणावे. ठरावाची एक प्रत प्रशिक्षण संस्थेस द्यावी, एक तहसीलदारांस. पोच घ्यावी, आणि ती पोच सरपंचांच्या घरी नव्हे, पंचायतीच्या दप्तरात ठेवावी.