डोळ्यात उतरलेले रक्त

‘डोळ्यात रक्त उतरणे’ हा वाक्प्रचार आम्ही कवी मंडळी फार सैल हाताने वापरतो. बोस्टनचे शल्यविशारद डॉ. ज्यूडा फोकमन यांनी ते सशाच्या डोळ्यात खरोखरच उतरवून पाहिले. मी बी. ए. झालेला माणूस, पण हा प्रयोग समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

१९७१ साली फोकमन यांनी मांडले, की कर्करोगाची गाठ वाढण्यासाठी शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. हा पुरवठा तोडला तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. अनेक तज्ज्ञांना हे पटेना. वाहिन्या दिसतात त्या नुसत्या सुजेमुळे, असे त्यांचे म्हणणे. आणि शरीरभर वाहिन्यांचे जाळे असताना नवी कोणती, जुनी कोणती, हे ओळखायचे कसे?

एक सोपी रीत कोंबडीच्या उबवणीतल्या अंड्याची. कवचाला खिडकी पाडायची, आतल्या पातळ पडद्यावर गाठीचा कण ठेवायचा. काही दिवसांत वाहिन्या त्याच्याकडे वळतात, बैलगाडीच्या चाकाचे आरे मधल्या तुंब्याकडे यावेत तशा. पण त्या पडद्यात वाहिन्या आधीपासूनच असतात. शंकेला जागा उरते.

डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, एकही रक्तवाहिनी नसते. तिथे बारीक कप्पा करून गाठीचा तुकडा ठेवला, की कडेकडून लाल रेषा सरकू लागतात. दिसेल ती नवीच! भिंगाखाली रोज मोजून घ्या. सुजेचा आक्षेप होताच. म्हणून द्रव्य हळूहळू झिरपवणाऱ्या इवल्या गोळ्या वापरल्या, आणि पडताळ्यासाठी द्रव्य नसलेल्या कोऱ्या गोळ्याही. मला हा कोऱ्या गोळीचा प्रामाणिकपणा फार आवडतो. सशाने काय सोसले, तेही मनातून जात नाही.

१९९८ साली उंदरांच्या गाठी आटल्याची बातमी आली आणि रुग्णांच्या आशा आभाळाला भिडल्या. पण प्रयोगातल्या उंदराची गाठ आठवड्यांत वाढते, माणसाची बहुधा वर्षानुवर्षे. २००४ साली अमेरिकेत बेव्हॅसिझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीबरोबर ते दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. पावणेपाच महिने. ज्याच्या घरात लग्न ठरले आहे, त्याला विचारा ते थोडे की फार.

हेच औषध आज आपल्याकडचे नेत्रतज्ज्ञही वापरतात. दृष्टिपटलाखाली नको त्या वाहिन्या फुटलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यात ते थेंबभर टोचले जाते.